पंपाखालची गळती: आधी माती उपसावी की आधी बोअर घ्यावेत?

धागाकर्ता
आमच्या फाट्यावरील पेट्रोल पंपाला लागून असलेल्या वावरातील विहिरीला गेल्या सप्टेंबरपासून वास येतो आहे. पाणी हौदात पडले की त्यावर रंगीत तवंग पसरतो आणि बैल हौदापर्यंत येऊन तोंड न लावता परत फिरतात. परवाच्या ग्रामसभेत ठराव झाला की पंपाच्या आवारातील सगळी माती जेसीबीने उपसून गावाबाहेरच्या मुरमाच्या जुन्या खाणीत टाकावी. या ठरावाला माझा विरोध आहे आणि तो मी विहिरीच्या काळजीपोटी करतो आहे.

पेट्रोल काळ्या मातीच्या भेगांतून मुरमात उतरते आणि पाण्याहून हलके असल्यामुळे भूजलाच्या पातळीवर तरंगत राहते. उन्हाळ्यात आपल्याकडच्या विहिरी तळाला जातात तेव्हा तेही खाली जाते, वाटेतल्या मुरमाला चिकटते आणि पावसाळ्यात पाणी चढले की पुन्हा वर येते. वास सप्टेंबरातच सुरू झाला याचे कारण मला यातच दिसते. मुरमाखालच्या काळ्या पाषाणाच्या फटींतून ते कोणीकडे गेले, हे वरून पाहून सांगता येत नाही. एका रेषेत नसलेले निदान तीन निरीक्षण बोअर (पाण्याची पातळी व नमुने तपासण्यासाठीची छिद्रे) घेतल्याशिवाय पाण्याचा उतार, म्हणजे भूजल कोणीकडे वाहते ते, कळत नाही आणि फटींच्या खडकात तीनही अपुरे पडू शकतात. न तपासता माती उपसली, तर खालचा थर तसाच राहील आणि खाण हे प्रदूषणाचे दुसरे ठिकाण होईल.

प्रतिसाद: शेजारचा शेतकरी
भाऊ, खाणीत माती टाकू नये हे मला मान्य आहे, परंतु तपासणीसाठी थांबावे हे मुळीच मान्य नाही. दूषित जागांविषयीचे केंद्राचे २०२५ चे नियम प्राथमिक तपासणीलाच ९० दिवस देतात आणि सविस्तर सर्वेक्षणाला त्यापुढे आणखी तीन महिने. तेवढ्यात माझी पऱ्हाटी आणि तूर दोन्हींचा हंगाम निघून जाईल. माझा धुरा पंपाच्या कुंपणाला लागून आहे. टाकीभोवतीची माती जोवर पेट्रोलने भिजलेली आहे, तोवर प्रत्येक पावसाबरोबर ते खाली झिरपत राहणार, त्यामुळे मूळ आधी काढलेच पाहिजे. ती माती जाड प्लास्टिकवर रचून, झाकून, शेणखताचा ढीग जसा आपण पलटतो तशी ओलावा ठेवून पलटत राहिली, तर जिवाणू तेल खातात, ही पद्धत जगभर वापरात आहे. त्यासाठी बोअरची वाट पाहण्याचे कारण काय?

प्रतिसाद: पंपावर काम केलेला एक जण
मी काही वर्षे पंपाचा व्यवस्थापक होतो. दोघांच्याही म्हणण्यात एक पायरी राहिली आहे. रोज सकाळी डिप घेऊन, म्हणजे टाकीत मोजपट्टी बुडवून, साठा नोंदवहीत लिहिला जातो, परंतु थोडी थोडी घट बाष्पीभवनाच्या नावावर खपून जाते. म्हणून आधी मागील वर्षभराची नोंदवही मागा. गळती अनेकदा टाकीला नसून पाइपाच्या जोडाला असते, कारण काळी माती उन्हाळ्यात आकसते, पावसाळ्यात फुगते आणि जोडांवर ताण येतो. टाकी आणि पाइप यांची दाब-चाचणी झाल्याशिवाय जेसीबी कुठे लावणार? टाकी रिकामी करून वायुमुक्त न करता, म्हणजे आतली पेट्रोलची वाफ न काढता, तिच्याजवळ खोदणे म्हणजे स्फोटाला निमंत्रण. पंपांना परवाने देणाऱ्या पेट्रोलियम व विस्फोटक सुरक्षा संघटनेचे मुख्यालय आपल्या नागपुरातच आहे. सरपंचांनी तिथे आजच लेखी कळवावे.

धागाकर्ता
टाकीच्या खड्ड्यातील माती चाचणीनंतर लगेच काढावी, एवढे मी मान्य करतो. नुसती वाट पाहण्यात धोका आहेच, कारण आताच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते, जिवाणू आधी ते खातात आणि बेंझिन हा पेट्रोलमधला विषारी घटक मागे उरतो. बोअरचा आग्रह मात्र मी सोडणार नाही. खड्डा स्वच्छ झाला म्हणून उताराकडची विहीर स्वच्छ झाली असे कोणी म्हणू लागले, तर ते खोडून काढायला आपल्या हाती आकडे हवेत. खर्चाची चिंता गावाने करू नये. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाच्या २०१० च्या कायद्यात, कलम २० मध्ये, प्रदूषण करणाऱ्यानेच भरपाई करावी हे तत्त्व आहे.

प्रतिसाद: विहिरीची मालकीण
सर्वांचे वाचले. ती विहीर माझ्या सासऱ्यांनी खोदलेली आहे. मला एवढेच सांगा की वास कमी झाल्यावर पाणी उकळून प्यावे का?

धागाकर्ता
ताई, कृपा करून पिऊ नका आणि घरात उकळूही नका, कारण उकळताना वाफेबरोबर बेंझिन श्वासात जाते. जागतिक आरोग्य संघटनेने पिण्याच्या पाण्यात बेंझिनची मर्यादा लिटरला १० मायक्रोग्रॅम ठेवली आहे आणि नाकाला वास कळतो तो त्याहून कितीतरी जास्त प्रमाणात, त्यामुळे वास गेल्यावरही भरवसा ठेवता येत नाही. नमुना काचेच्या बाटलीत काठोकाठ, एकही बुडबुडा न ठेवता भरावा आणि बर्फात ठेवून प्रयोगशाळेत न्यावा लागतो. प्रयोगशाळेकडून बाटल्या मिळाल्या की सोमवारी मी घेऊन येतो. तोवर टँकरच्या पाण्यासाठी ग्रामपंचायतीकडे अर्ज द्या, त्यावर पहिली सही मी करतो.