तोच शांती देतो आणि तोच तलवार आणतो?

साक्षेपी (चर्चाप्रस्ताव)

बायबलमधल्या मत्तयाच्या शुभवर्तमानात, दहाव्या अध्यायात, येशू म्हणतो, मी पृथ्वीवर शांतता आणायला आलो असं समजू नका, मी तलवार आणायला आलो आहे. पुढे लगेच मुलगा बापाविरुद्ध, मुलगी आईविरुद्ध, सून सासूविरुद्ध. योहानाच्या शुभवर्तमानात, चौदाव्या अध्यायात, अटक व्हायच्या त्याच रात्री, तो शिष्यांना सांगतो की माझी शांती मी तुम्हाला देतो, जग देतं तशी नव्हे. ही दोन वाक्यं एकाच माणसाची कशी, हे मला बरीच वर्षं कळत नव्हतं.

उलगडलं ते घरातच. माझ्या थोरल्या भावाने सव्विसाव्या वर्षी बाप्तिस्मा घेऊन ख्रिस्ती श्रद्धा स्वीकारली. आई त्याच्याशी तीन वर्षं बोलली नाही. तो दर आठवड्याला यायचा, तिच्या खोलीच्या दाराशी बसायचा, दोन-चार वाक्यं बोलायचा. तिकडून उत्तर नाही. अर्ध्या तासाने उठून जायचा. हाच भाऊ पूर्वी एका शब्दावरून दार आपटून निघून जाणारा. मी विचारलं, राग येत नाही का? म्हणाला, "येतो ना. पण हल्ली तो उशाशी घेऊन झोपत नाही."

आमच्या घरात फूट त्याच्या श्रद्धेमुळेच पडली, हे मी नाकारत नाही. पण ती फूट सोसायचं बळही त्याला तिथूनच मिळालं. लूकच्या बाराव्या अध्यायात हेच बोलणं येतं तेव्हा तलवारीच्या जागी शब्द आहे 'फूट'. म्हणजे येशू तलवार उपसायला सांगत नाही, आपल्यामागे आलात तर घरात काय होईल याची कल्पना देतो. अटकेच्या वेळी गेथशेमाने बागेत शिष्याने खरोखर तलवार चालवली तेव्हा येशूने ती म्यानात घालायला लावली.

कसोटी

साक्षेपी, तुमच्या भावाबद्दल आदर आहे. पण एका भल्या माणसावरून श्रद्धेचं मोजमाप करता येणार नाही.

१५२९ साली जर्मनीतल्या मारबुर्गला मार्टिन लूथर आणि झ्विंग्ली हे प्रोटेस्टंट सुधारणेचे दोन पुढारी समोरासमोर बसले. पंधरा मुद्द्यांपैकी चौदांवर एकमत झालं. अडलं ते प्रभुभोजनाच्या, म्हणजे येशूच्या शेवटच्या जेवणाच्या आठवणीत घेतात त्या, भाकरीवर: तिच्यात त्याचं शरीर खरोखर असतं की ती नुसती खूण. लूथरने आधीच मेजावर खडूने लिहून ठेवलं होतं, 'हे माझे शरीर आहे'. त्या अक्षरांपासून तो हटला नाही. दोघेही आपल्या विवेकाशी प्रामाणिक राहून घरी गेले, आणि सुधारणावादी चळवळ दुभंगलेली राहिली. पुढच्या शतकात, १६१८ ते १६४८, कॅथलिक-प्रोटेस्टंट वादातून पेटलेलं तीस वर्षांचं युद्ध झालं. जर्मनीच्या काही भागांत निम्म्याहून अधिक लोकसंख्या नाहीशी झाली.

मला भीती भांडणाऱ्यांची वाटत नाही. ज्याला आतून स्वस्थ वाटतंय त्याची वाटते. आपण देवाच्या बाजूला आहोत या खात्रीने ज्याचं मन शांत झालं, त्याला समोरच्याचं रडणं ऐकू येईलच असं नाही. तुम्ही जिला शांती म्हणता ती कित्येकदा भूल असते.

ओंजळ

तीस वर्षांचं युद्ध फक्त धर्माच्या खात्यावर मांडू नका. त्यात कॅथलिक फ्रान्स प्रोटेस्टंट स्वीडनच्या बाजूने लढला. सिंहासनांची भूक त्यात पुरेपूर होती. श्रद्धेने त्या भुकेला झेंडा पुरवला, हा दोष मात्र मान्य.

पण एकोपा म्हणजे चांगलं आणि फूट म्हणजे वाईट, हे गृहीतच मला पटत नाही. १८४४ मध्ये अमेरिकेतली मेथडिस्ट या प्रोटेस्टंट पंथाची मंडळी (चर्च) फुटली, कारण एका बिशपाकडे गुलाम होते आणि ते अनेकांना सहन होईना. पुढच्याच वर्षी बाप्टिस्ट या दुसऱ्या पंथाचे लोक फुटले, तेही गुलामगिरीवरूनच. त्याआधी कित्येक वर्षं 'मंडळीत शांतता राहावी' म्हणून हा विषय दाबला जात होता. ती शांतता कुणाच्या पाठीवर उभी होती? प्रभुभोजनाला एकत्र बसणाऱ्यांपैकी एक मालक आणि दुसरा त्याची मालमत्ता असेल, तर ती पंगत मोडलेलीच बरी.

आणि भुलीबद्दल. २०३ साली उत्तर आफ्रिकेतल्या कार्थेजमध्ये पर्पेतुआ नावाच्या तरुण आईला ख्रिस्ती श्रद्धेपायी मृत्युदंड झाला. तिने तुरुंगात लिहिलेला मजकूर टिकून आहे. म्हातारा बाप येतो, तिचे हात चुंबतो, पायांवर पडतो, श्रद्धा नाकार म्हणून विनवतो. ती नाकारत नाही. पण बापाच्या म्हातारपणाचं आपल्याला किती वाईट वाटलं हेही ती लिहिते. तान्हं बाळ जवळ ठेवायची परवानगी मिळाली तेव्हा तुरुंग मला राजवाडा वाटू लागला, असंही लिहिते. भूल दिलेल्या माणसाला एवढं दुखत नाही.

परतवाट

मी आजवर इथे फक्त वाचत आलोय. आज लिहितो, कारण वरच्या सगळ्या गोष्टींत श्रद्धा ठेवणारा माणूस घराबाहेर काढला जातो. माझं उलटं झालं.

आमचं घर पिढ्यान्‌पिढ्या श्रद्धाळू. मी एकोणिसाव्या वर्षी सांगितलं की मला आता विश्वास ठेवता येत नाही. भांडलो नाही, कुणाची टिंगल केली नाही. वडिलांनी तोच दहावा अध्याय काढला आणि पुढची ओळ वाचून दाखवली: जो माझ्यापेक्षा मुलावर अधिक प्रेम करतो तो मला योग्य नाही. मग पुस्तक मिटलं. फितीची खूण नीट त्या पानात सरळ करून ठेवली. तेवढा वेळ त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही.

महिन्याभराने पत्र आलं. त्यात होतं, 'आम्ही प्रार्थना केली आणि आमच्या मनाला शांती मिळाली आहे.' सात वर्षं झाली, ते एक वाक्य अजून जात नाही. माझ्यावाचून त्यांना शांती मिळाली. मग ती कुठून आली म्हणायची, तुम्हीच सांगा.

साक्षेपी

परतवाट, तुमचं लिहिलेलं दोनदा वाचलं. प्रस्ताव मांडताना मी एकाच दाराशी बसले होते, हे कबूल करते.

तो दहावा अध्याय ज्यांना उद्या न्यायसभेपुढे ओढून नेतील, फटके मारतील, त्यांच्यासाठी आहे. ज्यांच्या हातात काही नाही त्यांना तो धीर देतो. घर ज्याच्या ताब्यात आहे त्या बापाने तो मुलावर उगारला की त्याचा अर्थच फिरतो. मार्काच्या सातव्या अध्यायात येशू नेमका अशांवर संतापतो. आईबापांना जे द्यायचं ते 'कुर्बान' म्हणजे देवाला वाहिलं असं सांगून हात झटकणाऱ्यांना तो म्हणतो, तुम्ही देवाचं वचन रद्द करता. तिथे मुलगा बापाला टाळतोय, तुमच्याकडे बाप मुलाला, पण निमित्त देवाचंच आहे.

येशूचा प्रेषित पौलही करिंथकरांस पहिल्या पत्रात, सातव्या अध्यायात, सांगतो की जोडीदार विश्वास ठेवत नसेल पण सोबत राहायला राजी असेल, तर त्याला सोडू नका. जायचंच असेल तर तो जाईल. विश्वास ठेवणाऱ्याने आपल्या बाजूने कडी घालायची नाही.

कसोटी

एवढं असेल तर माझा अर्धा आक्षेप मागे घेतो. उरलेला अर्धा असा: 'मला शांती मिळाली' हा कशाचाच पुरावा धरू नका. साक्षेपींच्या भावाची शांती मला पटते, ती त्याला वाटली म्हणून नव्हे, तर ती आईपर्यंत पोचली म्हणून. पोचली ना?

साक्षेपी

आईने श्रद्धा स्वीकारली नाही, शेवटपर्यंत नाही. चौथ्या वर्षी ती अंथरुणाला खिळली. तो तिची नखं कापायचा, हात उजेडाकडे धरून, एकेक बोट सुटं करून. एक दिवस तो पोचला तेव्हा ती एवढंच म्हणाली, "आज उशीर केलास."

परतवाट

त्या तीन वर्षांत दाराशी बसून तो काय बोलायचा?

साक्षेपी

गुडघा कसा आहे. औषध संपलं का. बाहेर ऊन किती आहे. श्रद्धेबद्दल मी तरी कधी काही ऐकलं नाही.