मेट्रोतून विमान हवेत थांबलेलं दिसलं, हा काय प्रकार आहे?

खापरीवाला_77:
मंडळी, परवा संध्याकाळी नागपुरात सीताबर्डीहून खापरीकडं मेट्रोनं जाऊन राहिलो होतो. एअरपोर्ट स्टेशन मागं गेलं आणि डावीकडच्या खिडकीतून थोडं समोर पाहतो तर एक विमान लाइट लावून हवेत जसंच्या तसं उभं! पुढं नाही, मागं नाही, खाली नाही. बिल्डिंगा, झाडं सगळं सरकून राहिलं आणि हे मात्र काचेवर चिकटवल्यासारखं. व्हिडिओ काढून घरच्या ग्रुपवर टाकला तर आमचे साळेसाहेब म्हणते एडिट केलंय. अजून एक, मिहानमध्ये (विमानतळाला लागून असलेल्या प्रकल्पात) कधीकधी ती मोठी बोइंग विमानं येतात ना, ती उतरताना एवढी हळू काऊन वाटतात? पडत कशी नाहीत? कोणी नीट समजावून सांगा बाप्पा.

तर्री_जास्त:
हेडविंड भाऊ, दुसरं काही नाही. समोरून जोरात वारा असला की विमान जागच्या जागी राहते, पतंगावाणी. यूट्यूबवर ढीगभर व्हिडिओ आहेत.

अंश_कला_विकला:
@तर्री_जास्त, पतंगाला दोरी असते. ए-320 (एअरबसचं नेहमीचं प्रवासी विमान) उतरताना ताशी 250 किलोमीटरच्या आसपास असतं, समोरून 40 चा वारा धरला तरी जमिनीवरून 210 नं येतच राहतं, ते काय उभं राहणं झालं का? आणि यूट्यूबवरचे ते व्हिडिओ नीट बघ, बहुतेक सगळे चालत्या गाडीतून काढलेले असतात, उत्तर तिथंच आहे.

डोळ्याला वेग दिसतच नाही, दिसतो फक्त कोन. म्हणजे वस्तू आपल्या नजरेत किती अंश सरकली एवढंच. अंतर माहीत असलं तर मेंदू त्यावरून वेग काढतो, पण आकाशात मधे ना खांब ना झाड, अंतर कळायला काही आधारच नाही, मग तो ठोकून देतो. आता आकडे बघा. 10 किलोमीटरवरून ताशी 900 नं जाणारं विमान अगदी डोक्यावर असतानासुद्धा सेकंदाला दीड अंशसुद्धा सरकत नाही (हात लांब करून अंगठा धरला तर त्याची रुंदी साधारण 2 अंश भरते). तेच 300 मीटरवरून जाणारं, उतरायला आलेलं विमान सेकंदाला 13 अंश सरकतं. खरा वेग तिसऱ्या हिश्श्याहून कमी, पण दिसायला नऊदहा पट जोरात!

आणि ते सरळ तुमच्याकडंच येत असेल तर सरकणं शून्य, फक्त आकार वाढतो आणि तोही लांबून कळत नाही. 5 किलोमीटरवर ए-320 चे पंख टोकापासून टोकापर्यंत जेमतेम 0.4 अंश दिसतात, म्हणजे चंद्रापेक्षा कमी. 10 सेकंदांत ते 700 मीटरनं जवळ येतं आणि 0.4 चं फार तर 0.5 होतं, एवढा फरक कोणाला दिसणार आहे? मग शेवटी एकदम अंगावर आल्यासारखं मोठं होतं.

तुमच्या मेट्रोत नेमकं हेच झालं असणार, फक्त तुम्ही पण पळत होता. विमान आग्नेयेकडून येतंय, तुम्ही दक्षिणेला चाललात, आणि दोघांच्या वेगांची वजाबाकी अशी जुळून आली की विमानाची दिशा तुमच्या खिडकीतून बदलेचना. जवळच्या बिल्डिंगा मागं पळतात, हे एकटं जागेवर, म्हणून मेंदू म्हणतो थांबलंय. साळेसाहेबांना सांगा एडिट नाही, भूमिती आहे.

मोठ्या विमानाचं वेगळं आहे. बोइंग 777-300 ची लांबी जवळपास 74 मीटर, ए-320 ची 37 आणि थोडी. वेगात फार फरक नसतो, पण ए-320 आपल्या लांबीएवढं अंतर अर्ध्या सेकंदात काटतं आणि मोठ्याला जवळजवळ एक सेकंद लागतो. आपण नकळत त्या धुडाच्या मापानंच मोजतो, म्हणून ते रांगतंय असं वाटतं.

सोनेगावचे_काका:
वरचं उत्तर बरोबर आहे. आमची नोकरी विमानांच्या आसपासच गेली म्हणून थोडं पुढचं सांगतो. तुम्हाला जी गंमत वाटली ना ती कॉकपिटमधे सगळ्यात धोक्याची. काचेवर एखादं विमान सरकताना दिसलं तर बहुधा टक्कर नाही. जो ठिपका एकाच जागी चिकटून हळूहळू मोठा होतोय, तोच धडकणार. आणि न हलणाऱ्या ठिपक्याकडं डोळा जात नाही, हीच तर अडचण.

रात्री आणखी वाईट. काळोखात एकटा दिवा टक लावून बघा, थोड्या वेळानं तो आपोआप हलायला लागतो, दिवा हलत नाही बरं, आपल्या डोळ्यांचा खेळ. 2011 च्या जानेवारीत एअर कॅनडाचं टोरांटोहून झुरिकला जाणारं विमान अटलांटिकवर होतं. को-पायलट नुकताच डुलकीतून उठला होता. त्यानं आधी शुक्राच्या चांदणीलाच समोरून येणारं विमान समजलं आणि नंतर खरं विमान दिसलं तेव्हा ते अंगावर येतंय असं वाटून नाक खाली दाबलं. खरं विमान 1000 फूट खाली होतं. बेल्ट न लावलेले लोक छताला आपटले, 16 जण जखमी झाले. म्हणून पायलटला शिकवतात की डोळा एक म्हणतो आणि यंत्र दुसरं, तर यंत्राचं ऐक.

खापरीवाला_77:
काका भारी माहिती दिली! मग रात्री गच्चीवरून विमान येऊन राहिलं का जाऊन राहिलं हे कसं ओळखायचं? मला तर दोन्ही सारखंच दिसते.

सोनेगावचे_काका:
पंखाचे दिवे बघ. पायलटच्या डाव्या पंखावर लाल, उजव्यावर हिरवा, शेपटीला पांढरा. तुला लाल उजव्या हाताला आणि हिरवा डाव्या हाताला दिसला तर विमान तुझ्याकडं तोंड करून आहे. लांबून नाही कळत, दुर्बीण घे. आपल्याकडं बघायला तोटा नाही, दिल्लीहून बंगलोर-चेन्नईकडं जाणारी, मुंबई-कोलकाता करणारी कितीतरी विमानं नागपूरवरूनच जातात. 1949 मधे रात्रीची टपाल विमानं सुरू झाली तेव्हा चारही महानगरांतून येऊन ती इथंच भेटत, पत्रांच्या थैल्या अदलाबदल करून परत जात.

फुटाळा_चौपाटी:
यात माझा पण एक प्रश्न टाका. सूर्य मावळताना एखादं विमान पांढरी रेघ ओढत सरळ वर चढताना दिसते, रॉकेटसारखं. पोट्टे तर मिसाइल मिसाइल ओरडते.

अंश_कला_विकला:
ते चढत नसतं हो, 10-11 किलोमीटरवर सपाटच उडतं. 100 किलोमीटर लांब असताना क्षितिजापासून जेमतेम 6 अंश वर दिसतं आणि डोक्यावर येईपर्यंत 90. म्हणून तुमच्याकडं येणारं उभं चढतंय वाटतं आणि लांब जाणारं खाली पडतंय वाटतं. दोन्ही खोटं.

तर्री_जास्त:
सगळं ठीक आहे, पण वारा काहीच करत नाही असं तर नाही ना बे?

अंश_कला_विकला:
करतो ना. उतरणं थोडं हळू दिसतं, छोट्या दोन सीटच्या विमानाचं तर चांगलंच हळू दिसेल. पण ए-320 उभं राहायला समोरून ताशी 250 चा वारा लागेल, आणि तेवढा आला तर भाऊ तुमची मेट्रो पण बंद असन.