इंधन वाचवणारे घरगुती बदल गाडीवर शोभून कसे दिसतील?

समृद्धीचा वाटसरू

नमस्कार. माझ्याकडे २०१३ सालची पांढरी वॅगनआर आहे. नोकरीमुळे मी छत्रपती संभाजीनगरला राहतो आणि आई-बाबा नागपूरला असल्याने महिन्यातून दोनदा समृद्धी महामार्गाने ये-जा होते. एका बाजूचे अंतर साडेचारशे किलोमीटरच्या आसपास पडते आणि जवळजवळ सगळा प्रवास ताशी ९५ ते १०० च्या वेगाने होतो. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे ८० ऐवजी १०० ने गाडी चालवली की तो दीडपटीहून अधिक होतो, हे समजल्यापासून उभ्या पाठीच्या या गाडीला हवेतून थोडे सुखाने कसे जाता येईल, याचा मी वर्षभर ध्यास घेतला आहे.

आतापर्यंत मी चार बदल केले आहेत. बंपरमधली खालची जाळी निम्मी झाकली, मागच्या दोन्ही चाकांवर सपाट गोल चकत्या बसवल्या, इंजिनाच्या खाली एक सपाट आवरण लावले आणि डिकीच्या दारावर, छताच्या रेषेत, चार इंचांची पट्टी मागे काढली. हे सगळे सनपॅक शीटचे आहे, म्हणजे दुकानांचे आणि शिकवण्यांचे फलक ज्यावर छापतात ती पोकळ नळ्यांची प्लास्टिक शीट, आणि ती केबल टाय व काळ्या टेपने बांधली आहे. दर वेळी त्याच पंपावर, नोझल आपोआप बंद होईपर्यंत टाकी भरून मी हिशेब ठेवला. पूर्वी १७.४ चे अ‍ॅव्हरेज मिळत होते, ते आता १८.९ वर आले आहे. महिन्याला साधारण आठ लिटर पेट्रोल वाचते.

अडचण दिसण्याची आहे. मागच्या महिन्यात बाबांना दवाखान्यात न्यायचे होते. ते दारापाशी थांबले, मागच्या चाकाकडे बघत राहिले आणि काळजीने म्हणाले, "गाडी कुठे ठोकलीस का रे?" टेपच्या कडा उन्हाने सुटल्या आहेत, शीट पिवळी पडत चालली आहे आणि तिच्यावर मारलेला पांढरा स्प्रे पापुद्र्यांनी निघतो आहे. मला हे बदल काढायचे नाहीत, पण ज्या गाडीची मी इतकी निगा राखतो ती टाकाऊ दिसावी, हेही सहन होत नाही. सहा हजारांच्या आत आणि घरच्या हत्यारांनी काय करता येईल, ते कृपया सांगावे.

---

पत्रेकाम

मी एसटीच्या दापोडीच्या मध्यवर्ती कार्यशाळेत गाड्यांची बॉडी बांधण्याचे काम आयुष्यभर केले आणि आता निवृत्त आहे. आपला हिशेब वाचून आनंद झाला, कारण टाकीचे आकडे लिहून ठेवणारा माणूस पत्र्याचे मापही नीट घेतो, असा माझा अनुभव आहे.

प्रथम रंगाचे सांगतो. सनपॅक शीट पॉलिप्रॉपिलीनची असते आणि त्या प्लास्टिकवर साधा रंग धरतच नाही. कितीही हात मारले तरी तो पापुद्र्यानेच निघणार, त्यात आपली चूक काही नाही. जे बदल डोळ्यांना दिसतात ते एबीएस या टणक प्लास्टिकच्या शीटमध्ये करावेत. तीन मिलिमीटरची एबीएस शीट पाट्या बनवणाऱ्यांकडे कापून मिळते, हीट गनने सावकाश वळते आणि चारशे नंबरच्या पाणी-पेपरने खरवडून प्लास्टिकचा प्रायमर मारला की गाडीचा रंग तिच्यावर पक्का बसतो. सनपॅक फक्त गाडीच्या पोटाखाली राहू द्या, आणि तिथेही नळ्यांची उघडी तोंडे हीट गनने दुमडून बंद करा, नाहीतर पावसाळ्यात त्यांत चिखल भरतो. सायलेन्सर आणि त्याच्या पुढच्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरजवळ (इंजिनाचा धूर शुद्ध करणाऱ्या डब्याजवळ) मात्र सनपॅक अजिबात नको. तेवढ्या भागात शीट मोकळी कापा किंवा तिथे अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा लावा, कारण त्या उष्णतेने प्लास्टिक वितळते आणि पेटूही शकते.

आता कामाचा गाभा. कोणताही जोडलेला भाग ठिगळासारखा दिसतो तो त्याच्या कडेमुळे, आकारामुळे क्वचितच. कारखान्यातून आलेल्या गाडीचे दार आणि मडगार्ड यांच्यातली फट पाहा. ती वरपासून खालपर्यंत सारखी असते, म्हणून डोळा तिच्यावर अडत नाही. आपल्या पट्टीची फट एका टोकाला अर्धा सूत आणि दुसऱ्या टोकाला दीड सूत असेल, तर कितीही महाग रंग लावला तरी ती पट्टी उपरीच दिसेल. म्हणून शीट कापण्याआधी जाड पुठ्ठ्याचा साचा करा, तो गाडीवर टेपने लावून दहा पावलांवरून पाहा, मग कात्रीने कमी करत आणा. साच्याची एकच बाजू कापा आणि तोच उलटा करून दुसऱ्या बाजूला वापरा, म्हणजे डावे-उजवे जुळते. शीटवर उतरवताना रेषेच्या बाहेर कापा आणि रेषेपर्यंत कानशीने या. कापलेली कड तशीच सोडू नका. ती कानस आणि पाणी-पेपरने किंचित गोलसर करा किंवा तिच्यावर दाराला लावतात ती रबरी यू पट्टी चढवा.

चाकांसाठी शीट वापरूच नका. भांडी बाजारात जा आणि अ‍ॅल्युमिनियमची परात घ्या. रिमचा बाहेरचा व्यास मोजून न्या. आपल्या गाडीला तेरा इंची रिम असेल तर चौदा इंचांच्या आसपासची परात बसते. सपाट चकती उन्हात खोलगट दिसते आणि चाक आजारी वाटते. परात पालथी घातली की तिला जो जरासा फुगवटा येतो, त्यावर प्रकाश फिरतो आणि चाक भरीव दिसते. तिचे काठ कापून घ्या, जुन्या व्हीलकॅपवर ती चार बोल्टांनी बसवा, बोल्टांमधले अंतर कंपासने समान आखा आणि व्हीलकॅपच्या मूळ क्लिपा वापरून चाकात ठोका. हवा भरण्याच्या व्हॉल्व्हसाठी एक भोक लागेल. वजन सारखे राहावे म्हणून त्याच्या बरोबर समोर तसेच दुसरे भोक पाडा. पहिल्या पन्नास किलोमीटरनंतर थांबून दोन्ही चाकांचे चार-चार बोल्ट हाताने तपासा. काँक्रीटच्या रस्त्यावर शंभरच्या वेगाने निघालेली परात मागून येणाऱ्याच्या काचेत जाईल, ही गोष्ट कधीही विसरू नये.

राहिले केबल टाय. ते फेकून द्या. सुट्या भागांच्या दुकानात बंपरच्या प्लास्टिक क्लिपा काही रुपयांना मिळतात, त्याच वापरा. जिथे रिव्हेट मारावा लागेल तिथे तो लपवण्याची धडपड करू नका. दोरी मारून सरळ रेषा आखा, पंचाने खुणा करा आणि दर तीन इंचांवर एक, असा ओळीने मारा. एसटीच्या अंगावरचे रिव्हेट सगळ्यांना दिसतात, पण ते ओळीत असल्यामुळे कोणाला खटकत नाहीत.

---

रेषा_पुणे

पत्रेकाम काकांचे बहुतेक सगळे म्हणणे मला मान्य आहे. मी वाहनांच्या बाह्यरूपाच्या रेखाटनाचे काम करते, त्यामुळे थोडी भर घालावीशी वाटते. रिव्हेटच्या बाबतीत मात्र माझे मत वेगळे आहे. एसटीचे संपूर्ण अंग रिव्हेटचे असल्यामुळे तिथे ती ओळ त्या गाडीची भाषा ठरते. वॅगनआरवर एकही रिव्हेट दिसत नाही, त्यामुळे तिथे पहिलाच रिव्हेट परका वाटेल. या गाडीवर जोड आतूनच द्यावा.

आपल्या प्रश्नाचे उत्तर गाडीवरच लिहिलेले आहे, असे मला वाटते. ती नीट धुऊन, संध्याकाळच्या तिरप्या उजेडात उभी करा आणि तिच्या अंगावरच्या रेषा बोटाने चाचपून पाहा. छताच्या दोन्ही कडांना लांब खाचा आहेत, दाराच्या हँडलच्या उंचीवरून एक घडी मागच्या दिव्यापर्यंत जाते. आपण जोडलेल्या प्रत्येक भागाची कड यांपैकी एखाद्या रेषेतून निघाली पाहिजे किंवा तिच्यात जाऊन मिळाली पाहिजे. मागची पट्टी छताच्या खाचांच्या बरोबर मधोमध बसली आणि तिच्या बाजू मागच्या काचेच्या कोनात उतरल्या, की ती गाडीबरोबर जन्मल्यासारखी दिसते. ती डिकीच्या दारालाच जोडलेली असू द्या आणि दार पूर्ण उघडल्यावर ती छताला घासत नाही ना, हे साच्यावरच तपासा. काचेच्या वरचा ब्रेकचा दिवा कोणत्याही परिस्थितीत झाकता कामा नये.

या पट्टीच्या बाबतीत रूप आणि काम दोन्ही एकच गोष्ट मागतात, आणि मला हा विषय फार प्रिय आहे, म्हणून जरा थांबून सांगते. १९३० च्या दशकात जर्मनीत वुनिबाल्ड काम (Kamm) या अभियंत्याने दाखवून दिले की थेंबासारखी लांबलचक शेपटी नसली तरी चालते. छत हळूहळू उतरवत नेऊन मागचा भाग एकदम छाटून टाकला तरी हवेला जवळपास तितकाच फायदा मिळतो. त्यासाठी दोन अटी आहेत. उतार दहा-पंधरा अंशांच्या पुढे जाऊ नये, नाहीतर हवा पृष्ठभागापासून सुटते, आणि शेवटची कड धारदार असावी. हौशी लोक नेमकी तीच कड सुबक दिसावी म्हणून गोल करतात आणि मग हवा तिला चिकटून खाली वळते व मागे भोवरे करते. तेव्हा काकांनी सांगितल्याप्रमाणे बाकीच्या सगळ्या कडा गोलसर करा, ही एक मात्र काटकोनात तासा. सावलीची जी स्वच्छ रेषा मागच्या काचेवर पडेल, ती कोणत्याही चकचकीत पट्टीपेक्षा देखणी असेल.

रंगाबद्दल माझा साधा नियम आहे. बंपरच्या मध्यरेषेच्या वर जे असेल ते गाडीच्या रंगाचे आणि तिच्या खाली जे असेल ते मॅट काळे. खालचा भाग मुळातच सावलीत असतो, त्यामुळे काळा भाग डोळ्याला वेगळा जाणवत नाही. जाळीवरची शीट समोरून काढून मागून लावा आणि तिलाही मॅट काळा रंग द्या, म्हणजे मूळ जाळी जशीच्या तशी दिसेल आणि काही बदलले आहे हे जवळ आल्याशिवाय कळणारही नाही. समोरून सपाट झाकल्याने मिळणारा थोडा फायदा जाईल, पण बहुतेक फायदा हातात राहील.

परातींना चांदीचा रंग असू द्या, पांढऱ्या करू नका. पांढऱ्या गाडीवर पांढरी चकती थाळीसारखी वेगळी उठून दिसते. आणि झाकलेल्या चाकाला कुरूप मानण्याचे काही कारण नाही. १९५५ च्या सित्रोएन डीएसची मागची चाके अर्धी झाकलेली होती, आणि चाक बदलताना त्यावरचे मडगार्ड एकच बोल्ट काढून अलग करता येत असे. १९९९ मध्ये आलेल्या पहिल्या होंडा इनसाइटनेही मागची चाके झाकली आणि तिचा हवेच्या विरोधाचा गुणांक ०.२५ इतका कमी होता. त्या गाड्यांचे फोटो बाबांना जरूर दाखवा.

---

तापमापक

दोन गोष्टी कमी बोलल्या गेल्या आहेत. विदर्भात एप्रिल-मेमध्ये पारा ४५ च्या आसपास असताना जाळी झाकून एसी चालवणे बरे नाही. रेडिएटरच्या पुढे एसीचा कंडेन्सर असतो आणि त्यालाही हवा हवी असते. तो भाग दोन मिनिटांत निघेल असाच बसवा आणि होळीनंतर काढून ठेवा. परातींच्या बाबतीतही घाटात उतरताना मागचे ब्रेक तापतात, म्हणून रिम आणि परात यांच्यात बोटभर फट सगळीकडून राहू द्या.

दुसरी गोष्ट कायद्याची आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातले तपशील निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरतील असा बदल मालकाला करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या तरतुदीचा काटेकोर अर्थ लावला. त्यामुळे हत्याराशिवाय किंवा एखाद्या स्क्रूने निघणारे, दिवे व नंबरप्लेट न झाकणारे आणि गाडीच्या मापात फरक न करणारे भागच ठेवावेत. आपली मागची पट्टी मागच्या बंपरच्याही बाहेर येत असेल तर गाडीची लांबी वाढते; तेवढी ती छाटा, आणि आपल्या आरटीओत विचारून मगच कायम करा.

---

समृद्धीचा वाटसरू

सर्वांचे मनापासून आभार. काका, दोन रविवार आपल्या सांगण्याप्रमाणे काम केले. भांडी बाजारातल्या दुकानदाराने सारख्या मापाच्या दोन पराती मिळाव्यात म्हणून मला पूर्ण थप्पी उतरवून दिली. पुठ्ठ्याचे साचे तीन वेळा वाया गेले आणि चौथा बसला. छताच्या खाचांपासून पट्टीपर्यंत दोरी धरली तेव्हा माझी जुनी पट्टी डावीकडे पाऊण इंच सरकलेली होती, हे पहिल्यांदाच दिसले. वर्षभर तेच डोळ्यांना खुपत होते आणि मी रंगाला दोष देत होतो. मोजून पाहिले तेव्हा ती बंपरच्या आतच आहे, त्यामुळे छाटावी लागली नाही. आरटीओत या आठवड्यात जाणार आहे.

रेषाताई, जाळी मागून झाकली आणि पट्टीची शेवटची कड धारदार ठेवली. रिव्हेट एकही मारला नाही. एबीएस शीट, प्रायमर, रंगाचे डबे, पराती, क्लिपा आणि हीट गनचे भाडे मिळून चार हजार तीनशे रुपये झाले. काल पहिल्यांदा नागपूरपर्यंत आलो; जालन्याच्या पुढे थांबून बोल्ट तपासले, आठही घट्ट होते. एका फेरीवरून अ‍ॅव्हरेज सांगणे योग्य नाही, तीन टाक्या भरल्यावर इथेच लिहीन.

आज सकाळी बाबा अंगणात गाडी पुसत होते. मागच्या चाकापाशी खाली बसून त्यांनी परातीवरून हात फिरवला आणि विचारले, "नवी चाकं घातलीस का?"