मदत हवी आहे : काळ्या दगडातले मोतिया स्फटिक, कोणतं खनिज, स्टिलबाइट की ह्यूलँडाइट?

नमस्कार मंडळी. इंदूरला आमच्या घरामागे विहीर खोल करताना काळ्या दगडाच्या पोकळीत पांढरट-गुलाबी स्फटिक सापडले. आपल्या माळव्याच्या पठाराखाली दख्खनचा बेसाल्टच आहे, सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीचा. लाव्हा थिजताना वायूंचे बुडबुडे अडकले आणि पुढे त्या पोकळ्यांत खनिजयुक्त पाणी झिरपून स्फटिक वाढले, एवढं मला ठाऊक आहे.

लेकीने आणि मी घरीच तपासणी केली. नखाने ओरखडा उठत नाही, तांब्याच्या तारेनेही नाही, पण स्टीलच्या सुरीने सहज उठतो. म्हणजे काठिण्य (1 ते 10 च्या मोह्स मापावर) 7 असलेलं क्वार्ट्झ नक्कीच नाही. भुकटी करून व्हिनेगर टाकलं, फेस नाही, तेव्हा कॅल्साइटही बाद. कस (खनिज घासल्यावर उठणाऱ्या भुकटीचा रंग) पांढरा, त्याचा उपयोग शून्य. एका दिशेने मात्र पापुद्र्यासारखं सुटतं आणि तिथे मोत्यासारखी झळाळी दिसते. फार देखणी!

आता अडलंय ते इथे. स्टिलबाइट आणि ह्यूलँडाइट दोघांचं काठिण्य 3.5 ते 4 आणि झळाळीही तशीच. पेंढीसारखा गुच्छ म्हणजे स्टिलबाइट असं वाचलंय, पण आमचे स्फटिक सुटे आणि चपटे आहेत. निव्वळ आकारावरून ठरवता येईल का? काय बघावं?