क्रोनोग्राफ दर छर्‍याला वेगळा वेग दाखवतोय, दोष यंत्रात की रायफलीत?

नमस्कार मंडळी. मालवणच्या अलीकडे एका गावात काजूच्या जुन्या गोदामात आम्ही १० मीटरची रेंज लावली आहे. २०२४ साली स्वप्नील कुसाळेनं पॅरिसहून ब्राँझ आणलं आणि पोरं आपणहून विचारत यायला लागली, तेव्हापासूनची. त्यातल्या दहावीतल्या एका मुलीची स्पर्धा तीन आठवड्यांवर आली आहे. क्रोनोग्राफचे आकडे बघून तिच्या मनात बसलंय की आपली रायफलच बिघडली. मला ती भीती लवकर काढायची आहे, म्हणून विचारतोय.

रायफल ४.५ मिमीची, सिलिंडरच्या हवेवर चालणारी, मॅचची. छर्रा ०.५३ ग्रॅमचा. वेग सेकंदाला १७० ते १७५ मीटर असायला हवा. परवा सकाळी दहाच्या सुमारास आलेले आकडे असे: १७२, १७१, १५८, १७३, १९१, एरर, १७२, ३१२, १६६, १७४.

३१२ तर धरायलाच नको. त्या वेगानं जवळजवळ २६ ज्यूल होतात. आपल्याकडे २० ज्यूलच्या वर गेली की एअर रायफलीलाही परवाना लागतो, आणि ही आठेक ज्यूलची रायफल आहे. पण १५८ आणि १९१ हे खरेही असू शकतात, आणि घोळ तिथेच आहे.

मी एक ताळा करून पाहिला. १० मीटर जाईपर्यंत छर्रा १५८ च्या वेगानं साधारण १९ ते २० मिमी खाली येतो, १९१ च्या वेगानं १३-१४ मिमी. म्हणजे कार्डावर वरखाली सहा मिमीचा फरक दिसायला हवा. हेच दहा छर्रे यंत्रावरून जाऊन कार्डावर लागले होते, रायफल वाळूच्या पिशवीवर टेकवून मारलेले. कार्ड उजेडाला धरलं तर एकच भोक, कडा किंचित फाटलेल्या, वरपासून खालपर्यंत साडेसहा मिमी. त्यातून छर्‍याची स्वतःची जाडी वजा केली की उरतात दोन. १० मीटर एअर रायफलीच्या कार्डावर गुणांच्या दोन वर्तुळांमधलं अंतर अडीच मिमी असतं, तेव्हा सहा मिमीची चूक लपणं शक्य नाही. माझा कौल रायफलीच्या बाजूनं आहे.

काय काय करून झालं ते सांगतो. नऊ व्होल्टची बॅटरी नवी घातली. जुनी काढली तर टोकांवर हिरवट थर, खार्‍या हवेत इथे सगळ्यालाच येतो. तो घासून काढला. पन्नास छर्रे सोनाराच्या काट्यावर तोलले, सांगण्यासारखा फरक नाही. यंत्र नळीच्या तोंडापासून वीतभर अंतरावर, वर पांढरं प्लास्टिक. संध्याकाळी ट्यूबलाइट लावून मारलं तर दुसर्‍याच तर्‍हेचा गोंधळ. आता पुढे काय तपासू?

प्रतिसाद

दादा, कार्डाचा ताळा केलात ते उत्तम. मीही रायफल उघडू नका असंच म्हणेन.

तुमचं गोदाम कौलारू असणार. कौलांत काचेची कौलं आहेत का? असतील तर सकाळी दहाला उन्हाचा कवडसा कुठे पडतो तेवढं बघा. हे यंत्र छर्‍याची सावली बघतं. पहिल्या डोळ्यावरून दुसर्‍यावर जायला किती वेळ लागला, यावरून वेग काढतं. डोळे ३० सेंमी अंतरावर असतील तर तो वेळ जेमतेम १.७ मिलिसेकंद. एका डोळ्यावर ऊन आणि दुसर्‍यावर सावली असली की एकाला छर्रा लवकर दिसतो, दुसर्‍याला उशिरा. छर्‍याच्या जागेत तीन मिमीची गफलत झाली तरी वेग एक टक्क्यानं चुकतो.

ट्यूबलाइट तर नकोच. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे साधी ट्यूब सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होते. प्रत्येक छर्रा त्या लुकलुकीत वेगळ्या क्षणी सापडतो. बॅटरीवरचे दोन एलईडी टॉर्च घ्या, पांढर्‍या प्लास्टिकवर वरून सारखा उजेड पाडा, बाजूनं काळं कापड लावा.

वीतभर अंतरही फार कमी आहे. छर्‍यामागून सुटणारी हवा डोळ्यांना फसवते. मीटरभर लांब ठेवा, आणि नळीपासून कार्डापर्यंत दोरा ताणून यंत्र त्याच्याशी समांतर करा. तिरकं असलं तर वाट लांबते आणि वेग कमी दिसतो. हे सगळं करताना मुलं मागेच उभी राहू देत.

एक राहिलंच, सिलिंडरचा दाब लिहून ठेवता का? आकडे उड्या न मारता एकेक करून उतरत गेले, तर सिलिंडरचा दाब रेग्युलेटरला (दर बाराला हवेचा दाब सारखा ठेवणारा भाग) लागतो त्याच्या खाली आलाय असं समजा. तो उतार मात्र खरा असतो.

धागाकर्ता

ताई, काचेची दोन कौलं आहेत, आणि त्यातलं एक बरोबर यंत्राच्या डोक्यावर! आज दहाला छर्रा न मारता नुसता बसून पाहिलं. कवडसा पुढच्या डोळ्यावर, आणि बाहेरच्या माडाची झावळी हलली की त्यावरून सावली सरकत होती. इतके दिवस त्याच्या शेजारी उभं राहून मला दिसलं नाही.

कौलावर गोणपाट टाकलं, टॉर्च लावले, यंत्र मीटरभर पुढे नेलं. सिलिंडर भरून वीस छर्रे मारले, सगळे १७१ ते १७४ च्या आत. एरर एकही नाही. आकडे मुलीलाच वहीत उतरवायला लावले. विसावा लिहून झाल्यावर तिनं रायफल पेटीत ठेवायच्या आधी कापडानं दोनदा पुसली. फार बरं वाटलं, तुमचे मनापासून आभार.

आता यंत्रावर भरवसा आहे म्हणून दुसरं विचारतो. लहान मुलांच्या सरावाची एक स्प्रिंगची रायफल आहे. पावसाळ्याआधी गंज नको म्हणून तिला आत तेल दिलं होतं. तिचे आकडे अजूनही २०५, १८१, १९८ असे येतात, आणि प्रत्येक बाराला नळीतून धुराची बारीक रेघ निघते, जळक्या तेलाचा वास येतो. आतलं तेल पेटतंय असं मी धरतोय. नळीतून कोरडा बोळा ओढून छर्रे मारत राहिलं की ते आपोआप संपेल, की सील खराब व्हायच्या आत रायफल खोलून पुसावी?