युद्धभूमीवरची ख्रिस्ती मदत म्हणजे निव्वळ आमिष?

रातवा
काल दुसऱ्या एका चर्चेत 'ठाम' यांनी लिहिलं, "युद्ध पेटलं की मिशनरी गिधाडांसारखे उतरतात. एका हातात औषध, दुसऱ्या हातात बायबल. उपाशी माणसाचा धर्म विकत घेणं, एवढंच त्यांचं काम." ते वाक्य रात्रभर डोक्यातून जाईना. दोन ओळींत उत्तर देण्यासारखं नव्हतं, म्हणून वेगळा धागा.

सुदानच्या नुबा डोंगरात गिडेल इथे मदर ऑफ मर्सी हे कॅथलिक हॉस्पिटल २००८ साली सुरू झालं. २०११ मध्ये खार्टूमच्या सरकारी विमानांनी तिथे बॉम्ब टाकायला सुरुवात केली, तेव्हा बाहेरच्या बहुतेक मदतकर्त्यांना निघावं लागलं. डॉ. टॉम कटेना राहिले. लाखोंच्या वस्तीला हा एकच सर्जन. २०१४ मध्ये हॉस्पिटलच्या आवारातच बॉम्ब पडले, तरी ते हलले नाहीत. त्यांच्या रुग्णांत मुसलमानही आहेत आणि ख्रिस्तीही.

दुसरं, येमेनमधलं एडन. ४ मार्च २०१६. मदर तेरेसांच्या संस्थेच्या वृद्धाश्रमात शिरून बंदूकधाऱ्यांनी सोळा जणांना मारलं, त्यात चार नन. केरळचे फादर टॉम उळुन्नालिल तिथूनच पळवले गेले आणि दीड वर्षाने सुटले. येमेन जळत असताना त्या बायका तिथे का थांबल्या होत्या? अंथरुणाला खिळलेल्या निराधार म्हाताऱ्यांचा धर्म बदलून कुणाच्या पदरात काय पडणार होतं?

रेड क्रॉसचं बीजही एका कडव्या कॅल्विनपंथीयाच्या, म्हणजे प्रोटेस्टंट ख्रिस्ती माणसाच्या, मनात रुजलं. १८५९ मध्ये इटलीतल्या सोल्फेरिनोच्या लढाईनंतर आंरी द्युनांनी जखमींचे हाल पाहिले. आसपासच्या गावातल्या बायका दोन्ही बाजूंच्या सैनिकांना पाणी पाजत "सारे भाऊच" म्हणत होत्या, हे त्यांनीच लिहून ठेवलंय. ही माणसं गिधाडं असतील तर त्या शब्दाचा अर्थ मला कळत नाही.

ठाम
शब्द मागे घेत नाही. तुम्ही संत निवडून आणलेत, मी संस्थांबद्दल बोलत होतो.

अमेरिकन धर्मप्रचारक फ्रँकलिन ग्रॅहम यांनी २००१ मध्ये इस्लामला दुष्ट धर्म म्हटलं आणि २००३ मध्ये त्यांचीच संस्था इराकमध्ये मदत न्यायला सज्ज झाली. त्याच काळात सदर्न बॅप्टिस्ट या अमेरिकन प्रोटेस्टंट पंथाच्या अन्नाच्या खोक्यांवर अरबीत बायबलचं वचन छापलेलं होतं. ज्या देशावर बॉम्ब पडताहेत त्याच देशात, बॉम्ब टाकणाऱ्यांच्याच देशातून आलेलं खोकं आणि वर वचन! घेणाऱ्याने काय समजायचं? २००७ मध्ये कोरियन चर्चचे तेवीस स्वयंसेवक अफगाणिस्तानात तालिबानच्या हाती सापडले, दोघांचा खून झाला, आणि बाकीच्यांच्या सुटकेसाठी कोरियाला तिथलं मिशनरी काम थांबवण्याचं कबूल करावं लागलं. नुसती मदतच होती, तर ही अट आली कुठून?

पाणपोई
अट खुनी माणसांनी घातली होती, ठाम. अपहरण करणाऱ्यांची मागणी हा पुरावा कधीपासून झाला?

आणि निधर्मी संस्थांचं कुणीच का बोलत नाही? माझा मामेभाऊ एका मोठ्या आंतरराष्ट्रीय संस्थेत ड्रायव्हर होता. कुठल्या देशात ते लिहीत नाही. गोळीबार जवळ आला तेव्हा पांढऱ्या गाड्यांमधून परदेशी कर्मचारी विमानतळावर गेले. त्यांना तिथे सोडून यायचं काम याचंच. परतताना वॉकीटॉकीवर कुणी उत्तर देईना. अकरा दिवस तो एका चर्चच्या तळघरात राहिला. तिथल्या फादरनी त्याला नाव विचारलं, धर्म नाही. त्या माणसाला गिधाड म्हणायची कुणाची हिंमत असेल तर माझ्यासमोर म्हणावं.

घाटवाट
भावना समजतात, पण रातवा, चांगल्या हेतूने केलेली मदत युद्ध लांबवते त्याचं काय? बियाफ्रा विसरलात? १९६७ ला नायजेरियातून फुटून निघालेला प्रदेश, चहूबाजूंनी कोंडी, आत पोरं उपासमारीने मरताहेत. चर्चसंघटनांनी एकत्र येऊन 'जॉइंट चर्च एड' काढली. आद्याक्षरं जेसीए, म्हणून लोक तिला 'जीझस ख्राइस्ट एअरलाइन्स' म्हणायचे. साओ टोमे बेटावरून रात्री उडायचं आणि उली इथे हमरस्त्याच्याच धावपट्टीवर उतरायचं. पाच हजारांवर उड्डाणं.

आता दुसरी बाजू. त्याच धावपट्टीवर, त्याच अंधारात शस्त्रांची विमानंही उतरत होती. मदतीची विमानं हीच त्यांची आड. शिवाय मदतीच्या खर्चातून बियाफ्रा सरकारच्या हाती परकीय चलन गेलं. ज्या दिवशी हरायला हवं होतं त्यानंतरही ते लढत राहिले.

पाणपोई
"ज्या दिवशी हरायला हवं होतं"! हे वाक्य पुन्हा वाचा. म्हणजे पोरं लवकर मेली असती तर हिशोब लवकर मिटला असता?

घाटवाट
माझ्या तोंडी हे घालू नका. हिशोब उलटा आहे. युद्ध लांबलं म्हणून अधिक पोरं मेली. शरणागतीनंतर सर्रास कत्तल होईल अशी भीती चर्चवाल्यांना खरोखर होती, हे मान्य. पण जानेवारी १९७० मध्ये बियाफ्रा शरण आलं तेव्हा तशी कत्तल झाली नाही. नायजेरियाचे प्रमुख जनरल गोवॉन यांनी 'ना कुणी जेता, ना कुणी पराभूत' असं जाहीर केलं.

रातवा
१९६८ मध्ये साओ टोमेवर बसलेल्या पाद्र्याला १९७० मधलं कसं दिसावं? त्याच्यासमोर केस तांबूस झालेली, पोटं फुगलेली पोरं होती. जमिनीवरून मदत आणायचा मार्ग बियाफ्राचे नेते ओजुक्वू यांनी नाकारला, दिवसाची विमानंही नको म्हणाले. तो दोष त्यांचा, दुधाची भुकटी नेणाऱ्याचा नव्हे. जून १९६९ मध्ये रेड क्रॉसचं विमान पाडलं गेल्यावर रेड क्रॉसची उड्डाणं थांबली. चर्चची चालू राहिली. वैमानिक मेले, तरीही.

घाटवाट
धैर्याबद्दल मी कुठे वाद घातला? आड मिळाली की नाही, एवढं सांगा.

रातवा
मिळाली. हो, मिळाली. पण म्हणून उडायला नको होतं, हे मी मानणार नाही.

ठाम
बियाफ्रातच किती फिरणार? माझा प्रश्न तसाच पडलाय. धर्मप्रचार होतो की नाही?

कवडसा
होतो. मी पाहिलाय. नर्स म्हणून २०१७ च्या हिवाळ्यात इराकमधल्या अर्बिलजवळच्या एका छावणीत होते, मोसुलहून पळून आलेल्या लोकांची. माझी संस्था ख्रिस्ती होती, मीही ख्रिस्ती आहे. रॉकेलचे हीटर आणि ब्लँकेटं वाटायची होती. आधी आमचा एक पाहुणा प्रार्थना म्हणायचा आणि दुभाषा ती अरबीत सांगायचा. रांगेत एक बाई होती. कडेवरचं मूल तापाने फणफणलेलं. तिने डोळे मिटले, पण हात कसे धरायचे ते तिला कळेना. शेजारणीकडे चोरून बघत होती, चुकलं तर वस्तू मिळणार नाहीत म्हणून. ते बघून मला देवाची लाज वाटली.

रेड क्रॉस आणि मदतसंस्थांच्या १९९४ च्या आचारसंहितेत स्पष्ट लिहिलंय की मदत कुठल्याही राजकीय वा धार्मिक मताच्या प्रसारासाठी वापरायची नाही. ती घडवणाऱ्यांत कॅथलिकांची कारितास होती, प्रोटेस्टंटांची लुथेरन वर्ल्ड फेडरेशन होती. म्हणजे हा नियम आमच्याच लोकांनी मान्य केलेला.

आणि तो मोडल्याची किंमत कोण देतं? ऑगस्ट २००१ मध्ये काबूलला शेल्टर नाऊ या ख्रिस्ती मदतसंस्थेचे आठ परदेशी धर्मप्रचाराच्या आरोपाखाली पकडले, ते सगळ्यांच्या लक्षात आहेत. सोबत सोळा अफगाण कर्मचारीही होते. त्यांचं कुणाला काही आठवतं? २०१० मध्ये अफगाणिस्तानातल्याच बदख्शानमध्ये नेत्रशिबिराहून परतणारे दहा जण मारले गेले. त्यांची संस्था १९६६ पासून तिथे होती. तालिबान म्हणालं, यांच्याकडे बायबलं होती. संस्था म्हणाली, आम्ही प्रचार करत नाही. माझा संस्थेवर विश्वास आहे. पण दुसरे कुणी प्रचार करून गेले असले की हा आरोप किती सहज चिकटतो!

पाणपोई
तुम्ही आपल्याच माणसांच्या विरोधात शत्रूच्या हाती कोलीत देताय.

कवडसा
डोळे चोरून बघणारी ती बाईही मला माझंच माणूस वाटते.

ठाम
गिडेलचा डॉक्टर आणि एडनच्या नन यांना माझा शब्द लागू नाही, एवढं लिहून देतो. यापुढे एक पाऊल नाही. कवडसा, त्या बाईने प्रार्थना टाळली असती तर हीटर मिळाला असता का?

कवडसा
मिळाला असता. यादीत नाव होतं, नियमही तोच होता. पण हे रांगेत कुणी तिला सांगितलं नव्हतं. मीही नाही.

पुढच्या वाटपाला मी दुभाष्याला आधी भोंग्यावरून तेवढंच सांगायला लावलं, की प्रार्थनेला थांबा किंवा थांबू नका, वस्तू सगळ्यांना मिळतील. निम्म्याहून अधिक बायका तंबूबाहेर जाऊन उभ्या राहिल्या. पाहुण्याने माझी तक्रार केली. तेव्हा माझ्या बाजूने उभ्या राहिल्या त्या आमच्या प्रमुख सिस्टर. त्यानंतर वाटपाच्या जागी प्रार्थना झाली नाही. आम्ही ती पहाटे आमच्या आमच्यात म्हणायचो.