‘फोटो’चे मूळ सांगून इंग्रजी शब्द शिकवावेत का?

धागा
इंग्रजी शब्दांच्या याद्या पाठ करून घेण्यापेक्षा शब्दाचे मूळ उलगडून सांगावे, असे माझे ठाम मत आहे. ग्रीकमध्ये ‘फोस’ म्हणजे प्रकाश. समासात त्याचे ‘फोटो’ होते. फळ्यावर ‘फोटोसिंथेसिस’ लिहावे, मधे उभी रेघ ओढावी, अलीकडे ‘प्रकाश’ आणि पलीकडे ‘जुळणी’ लिहावे, की तो अवजड शब्द मुलांना आपणहून उमगतो आणि ‘प्रकाशसंश्लेषण’ हा मराठी शब्दही त्याच जागी सुटतो, हे त्यांच्या ध्यानात येते. शिवाय हे मूळ आपल्याला परके नाही. ‘फोस’ आणि संस्कृतमधील ‘भा’ हा धातू यांचा उगम भाषाशास्त्रात एकच मानला जातो; म्हणजे ‘प्रभा’, ‘आभा’, ‘भानू’ ही ‘फोटो’ची भावंडेच ठरतात.

प्रतिसाद १
नाते मान्य आहे, परंतु मूळ कळले म्हणजे अर्थ कळला, हे मला मुळीच पटत नाही. ‘फोटोफोबिया’ची फोड केली तर ‘प्रकाशाची भीती’ असा अर्थ निघतो. वैद्यकात मात्र तो शब्द उजेड डोळ्यांना सहन न होण्यासाठी वापरतात, आणि अर्धशिशीने बेजार झालेला माणूस उजेडाला भीत नसतो, त्याला त्याचा त्रास होत असतो. ‘फोटोबॉम्ब’ (दुसऱ्याचा फोटो काढला जात असताना मधे घुसणे) यातला ‘फोटो’ तर प्रकाश नव्हेच, तो ‘फोटोग्राफ’चा संक्षेप आहे. मुलांनी तेथे प्रकाशाचा बॉम्ब शोधायचा काय?

प्रतिसाद २
फॉस्फरसने तर याहून मोठा घोटाळा केला आहे. 1669 मध्ये हेनिग ब्रांट यांनी मूत्र आटवून हे मूलद्रव्य मिळवले. ते अंधारात चमकत असे, म्हणून त्याला ‘प्रकाशवाहक’ या अर्थाचे नाव मिळाले, जे ग्रीकांनी पहाटेच्या शुक्राला दिलेले होते. पुढे त्याच नावावरून ‘फॉस्फोरेसन्स’ हा शब्द झाला. आज तो आधी शोषलेला प्रकाश सावकाश बाहेर टाकण्याच्या क्रियेला लावतात, आणि खुद्द फॉस्फरस चमकतो तो हवेतील ऑक्सिजनशी होणाऱ्या अभिक्रियेमुळे. म्हणजे फॉस्फरसची चमक फॉस्फोरेसन्स नव्हे! नुसते मूळ शिकलेला विद्यार्थी येथे हमखास चुकेल.

धागाकर्ता
चुकेल, आणि चूक कोठे झाली हेही त्यालाच सापडेल. पाठ केलेल्या यादीत ती सोय नसते. ‘फोटोजेनिक’ घ्या. 1839 मध्ये छायाचित्रणाचे आद्य प्रयोग करणाऱ्या टॅलबट यांनी कागदावर प्रकाशाने उमटवलेल्या आपल्या चित्रांना ‘फोटोजेनिक ड्रॉइंग’ म्हटले, तेव्हा अर्थ होता ‘प्रकाशातून उपजलेले’. आज तोच शब्द छायाचित्रात देखण्या दिसणाऱ्या चेहऱ्याला लावतात. अर्थ कसा सरकत गेला, हे मूळ ठाऊक असल्याशिवाय दिसणारच नाही.

प्रतिसाद १
तरीही क्रम महत्त्वाचा आहे. शब्द आधी वाक्यात भेटावा, मूळ नंतर सांगावे. ‘छायाचित्र’ हा शब्द आपण ‘छाया’ची फोड करून शिकलो नाही, चित्र समोर धरून कोणीतरी तो शब्द उच्चारला आणि तो आपला झाला.

धागाकर्ता
क्रमाबद्दल आपले म्हणणे मी मान्य करतो. मात्र ‘छायाचित्र’ आपणच काढलेत म्हणून सांगतो: ग्रीक घटकांतून घडलेल्या नावात प्रकाश आहे आणि आपल्या नावात सावली, पण दोन्ही खरी आहेत, कारण चांदीच्या क्षाराचा लेप दिलेल्या फिल्मवर जेथे प्रकाश पडतो, नेमका तोच भाग निगेटिव्हमध्ये, म्हणजे उजेड-अंधार उलटे दिसणाऱ्या मूळ प्रतीत, काळा उमटतो. शब्द सवयीचा झाल्यावरही त्याची फोड करावी, ती यासाठीच.